पाळणा हलण्यापूर्वीचा सल्ला
ज्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढून टाकण्याच्या प्रघाताचा 2019 मध्ये एवढा बोभाटा झाला की सरकारला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, तेथे अनियमित पाळीचे वेळीच निदान करून घेणे ही चैन नव्हे. अशा पाळीमागे पुष्कळदा पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असतो; शिकागोच्या डॉक्टर स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये वर्णिलेल्या या विकारात स्त्रीबीज नियमितपणे सुटत नाही. म्हणून वंध्यत्व अटळ, असे मात्र नव्हे, शेजारणींचा निवाडा काहीही असो. गर्भधारणेचा मनसुबा ठरताच अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रक्तशर्करा व रक्तदाब तपासून घ्यावा, फॉलिक अ‍ॅसिडविषयी विचारावे. वजन अधिक असल्यास ते शेकडा 5 ते 10 उतरल्यानेही पाळी पुष्कळदा मार्गावर येते, आणि न आल्यास स्त्रीबीज सुटण्यास मदत करणारे लेट्रोझोल हे औषध आहेच, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली.