एकांताची कोठडी आणि अमेरिकी तुरुंग

पेनसिल्व्हेनिया राज्याने फिलाडेल्फिया शहरालगत बांधलेले ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हे कारागृह १८२९ साली सुरू झाले, तेव्हा ठरावीक मुदतीचा कारावास हीच मुख्य शिक्षा, ही कल्पना अमेरिकेत अजून नवीच होती. वसाहतकाळात गुन्हेगाराच्या वाट्याला फटके, खोडा, डाग किंवा फाशी येई, आणि तुरुंगात माणूस ठेवला जाई तो बहुधा खटला उभा राहीपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत. अशा तुरुंगांत चोर, दिवाळखोर, स्त्रिया आणि मुले यांची एकत्र कोंबाकोंब असे, त्यामुळे किरकोळ गुन्हेगार आत जाऊन तरबेज होऊन बाहेर पडे. या दुर्दशेवर उपाय शोधण्यासाठी फिलाडेल्फियात १७८७ साली एक सुधारक मंडळ स्थापन झाले, ज्यात डॉ. बेंजामिन रश यांच्यासारखे नामवंत होते आणि ज्यावर मूक प्रार्थनेला महत्त्व देणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा मोठा प्रभाव होता. माणसाला वाईट संगतीपासून पूर्णपणे तोडले, हाताला काम दिले आणि मनाला शांतता दिली, तर तो आपल्या पापाचा विचार करून आपोआप सुधारेल, असा या मंडळींचा विश्वास होता. अमेरिकी तुरुंगाचा इतिहास वाचताना हे विसरून चालत नाही की, एकांतकोठडी ही क्रौर्याच्या नव्हे तर दयेच्या पोटी जन्माला आली.

वास्तुशिल्पी जॉन हॅव्हिलँड यांनी या विश्वासाला दगडी रूप दिले. मध्यभागी टेहळणीचा चौक आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फाकलेल्या कोठड्यांच्या सात रांगा, अशी ही रचना होती. प्रत्येक कोठडी साधारण आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब असून तिच्या कमानदार छताला एकच झरोका होता, आणि तळमजल्यावरील प्रत्येक कोठडीमागे उंच भिंतींचे स्वतंत्र अंगण होते, जिथे कैद्याला दिवसातून तासभर फिरता येई. कोठडीत नळाचे पाणी होते, जे व्हाइट हाउसमध्ये त्यानंतर काही वर्षांनी आले, आणि इमारत उबदार ठेवण्याची मध्यवर्ती सोयही होती. या सगळ्यावर राज्याचे जवळपास ७,८०,००० डॉलर खर्च झाले. कैद्याला नावाऐवजी क्रमांक मिळे. कोठडीबाहेर न्यायचे झाल्यास डोक्यावरून टोपरे ओढले जाई, म्हणजे शेजारी कोण आहे हे त्याला आणि तो कोण आहे हे शेजाऱ्याला कळू नये. तो आत बसून जोडे शिवे किंवा माग चालवी, बायबल वाची, आणि शिक्षा संपेपर्यंत दुसऱ्या कैद्याचा चेहराही पाहत नसे. शांतता मोडणाऱ्याच्या तोंडात लोखंडी लगाम घालण्याची शिक्षाही इथे होती आणि १८३३ साली तिच्यापायी एका कैद्याचा जीव गेला, एवढे सांगितले म्हणजे दयेच्या या प्रयोगाला किती लवकर कीड लागली ते कळते.

याच सुमारास न्यू यॉर्क राज्यातील ऑबर्न कारागृहाने वेगळी वाट धरली. तिथे १८२१ साली सुमारे ऐंशी कैद्यांना कामाविना संपूर्ण एकांतात ठेवून पाहिले होते. त्यांतले काही वेडे झाले, काहींनी जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि अखेर त्यांतल्या काहींना गव्हर्नरने माफी देऊन सोडले. त्यानंतर ऑबर्नमध्ये कैदी रात्री स्वतंत्र कोठडीत आणि दिवसा कारखान्यात एकत्र, परंतु चाबकाच्या धाकाखाली संपूर्ण मौन पाळून काम करू लागले. तोकव्हिल आणि बोमाँ हे फ्रेंच अभ्यासक १८३१ साली मुळात या दोन पद्धतींची तुलना करण्यासाठीच अमेरिकेत आले होते, आणि चार्ल्स डिकन्स यांनी १८४२ साली फिलाडेल्फियाचा एकांत पाहून त्याचा कडक शब्दांत निषेध केला. तरीही वादाचा निकाल तत्त्वज्ञानाने लावला नाही. ऑबर्नची इमारत स्वस्त पडे आणि कारखान्यातून पैसा मिळे, म्हणून अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी तीच पद्धत उचलली. फिलाडेल्फियाचा आराखडा मात्र परदेशी गेला: लंडनच्या पेंटनव्हिलमध्ये तो रुजला, आणि ब्रिटिशांनी १८९६ ते १९०६ या काळात अंदमानात बांधलेल्या सेल्युलर जेलचे सात बाहू आणि एकेकट्या कोठड्याही त्याच कुळातल्या. बाबाराव आणि विनायकराव सावरकरांच्या काळ्या पाण्यामुळे मराठी वाचकाला जी वास्तू परिचित आहे, तिची वंशावळ अशी एका अमेरिकी सुधारकमंडळापर्यंत पोचते.

दक्षिणेकडील राज्यांची कथा निराळी आहे आणि तिथे सुधारणेचा देखावाही फारसा झाला नाही. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या श्रमाला अपवाद ठेवला. भटकेपणासारख्या क्षुल्लक कारणांवरून मुक्त कृष्णवर्णीयांना पकडायचे आणि खाणी, रेल्वे व मळ्यांच्या मालकांना भाड्याने द्यायचे, हा कैदी-भाडेपद्धतीचा धंदा अलाबामात थेट १९२८ पर्यंत चालला. लुइझियानातील अँगोला कारागृह आजही पूर्वी गुलामांनी कसलेल्या सुमारे १८,००० एकर जमिनीवर उभे आहे आणि तिथले कैदी शेतात राबतात.

ईस्टर्न स्टेटमध्ये गर्दी वाढत गेली, एकेका कोठडीत अनेक जण राहू लागले आणि १९१३ साली एकांताची पद्धत अधिकृतपणे सोडून देण्यात आली. पुढे १९७१ मध्ये ते कारागृहच बंद झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यू यॉर्कच्या अ‍ॅटिका कारागृहात, आठवड्याला एकच अंघोळ आणि महिन्याला एकच टॉयलेट पेपरची गुंडाळी मिळणाऱ्या कैद्यांनी बंड केले. चार दिवसांनी पोलिसांनी गोळीबार करून तुरुंग ताब्यात घेतला आणि या प्रकरणात एकूण ४३ माणसे मेली. त्यातून सुधारणांची चर्चा सुरू झाली खरी, पण ती फार टिकली नाही. अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी किमान शिक्षा ठरवून देणारे कायदे न्यू यॉर्कने १९७३ साली केले, १९८६ च्या संघराज्य कायद्याने गरीब वस्त्यांत खपणाऱ्या ‘क्रॅक’ला भुकटीच्या कोकेनपेक्षा शंभरपट कठोर मापाने मोजले, आणि १९९४ साली कॅलिफोर्नियाने तिसऱ्या गुन्ह्याला जवळजवळ जन्मठेपच ठरवून टाकली. न्यायाधीशांचे हात असे बांधले गेले आणि १९७० च्या सुमारास राज्ये व संघराज्य मिळून जे सुमारे दोन लाख कैदी होते, ते २००९ पर्यंत सोळा लाखांच्या घरात पोचले. स्थानिक जेलांतील कच्चे कैदी, ज्यांतल्या अनेकांना केवळ जामिनाचे पैसे परवडत नाहीत, ते यात धरलेले नाहीत. कॅलिफोर्नियाचे तुरुंग तर क्षमतेच्या जवळपास दुपटीने भरले, इतके की आजारी कैद्यांवर वेळेवर उपचार होत नाहीत या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाला २०११ साली कैदीसंख्या कमी करण्याचा आदेश कायम करावा लागला.

या गर्दीला आवर घालण्यासाठी एकांतकोठडी परत आली. इलिनॉय राज्यातील मॅरियन कारागृहात ऑक्टोबर १९८३ मध्ये एकाच दिवशी दोन पहारेकऱ्यांचा खून झाल्यावर तिथल्या कैद्यांना कायमचे कोठडीबंद करण्यात आले, आणि १९८९ साली कॅलिफोर्नियाने पेलिकन बे येथे याच हेतूने कारागृह बांधले, जिथे टोळीशी संबंध असल्याच्या संशयावरून माणसे दिवसाचे साडेबावीस तास, वर्षानुवर्षे, एकटी ठेवली गेली. क्वेकरांच्या कोठडीला निदान आभाळाचा झरोका होता. पेलिकन बेच्या या कोठड्यांना खिडकीच नव्हती. पश्चात्ताप, काम, सुधारणा यांचे नावही आता कोणी घेत नव्हते, आणि दीर्घ एकांताने माणसाची बुद्धी ढासळते हे सर्वोच्च न्यायालयानेच १८९० साली नोंदवले होते, याची तुरुंगखात्यांना आठवण राहिली नव्हती.

या एकांताच्या निषेधार्थ २०१३ साली कॅलिफोर्नियात सुमारे तीस हजार कैद्यांनी जेवण नाकारले आणि दोन वर्षांनी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत, केवळ टोळीच्या संशयावरून बेमुदत एकांत देण्याची प्रथा राज्याने सोडली. न्यू यॉर्कने २०२१ च्या कायद्याने सलग पंधरा दिवसांची मर्यादा घातली. परंतु एकांताचा धाक गेल्यामुळे आपल्यावरचे हल्ले वाढले असे तिथल्या पहारेकऱ्यांचे म्हणणे आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी याच कायद्याविरुद्ध बेकायदा संप पुकारला, तेव्हा सरकारला तुरुंगांत नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले, कायद्यातील काही कलमे तात्पुरती स्थगित करावी लागली आणि कामावर न परतलेल्या दोन हजारांवर कर्मचाऱ्यांना बडतर्फ करावे लागले.