व्याकरण एकदाच वाचावे

संगणक परस्परांना जी कागदपत्रे पाठवतात, त्यांतील पुष्कळशी ‘एक्सएमएल’ या पद्धतीने लिहिलेली असतात. १९९८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला मान्यता दिली. प्रवेश-अर्जाचे उदाहरण घेऊ. नाव, जन्मतारीख, इयत्ता यांचा क्रम कोणता, कोणता रकाना आवश्यक, हे नियम वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. त्यांनाच त्या कागदपत्राचे व्याकरण म्हणतात. कागदपत्र वाचून ते व्याकरणाशी ताडून पाहणारी प्रणाली म्हणजे ‘पार्सर’.

एकाच नमुन्याचे हजार अर्ज आले, तर प्रत्येक वेळी व्याकरण नव्याने वाचायचे काय? प्रत्येक उत्तरपत्रिकेआधी व्याकरणाचे पुस्तक पहिल्यापासून वाचणाऱ्या परीक्षकासारखेच ते होईल. म्हणून ‘अपाची झर्सिस’ या पार्सरमध्ये व्याकरणांचा साठा ठेवण्याची सोय आहे. पार्सर आधी साठ्याकडे विचारणा करतो. तेथे नसेल तरच फाइल वाचतो आणि सिद्ध झालेले व्याकरण साठ्यात ठेवतो.

खरी कसोटी पुढे आहे. साठ्यातील व्याकरण ओळखायचे कशावरून? ‘स्कीमा’ प्रकारातील व्याकरण सामान्यतः त्याच्या नामावकाशावरून, म्हणजे त्याला दिलेल्या विशिष्ट नावावरून, ओळखले जाते. गतवर्षीच्या व यंदाच्या नियमांना एकच नाव असेल, तर साठा जुनेच व्याकरण पुढे करील. मग योग्य अर्ज नाकारला जाईल किंवा सदोष अर्ज निमूटपणे स्वीकारला जाईल. दुसरी चूक अधिक घातक, कारण ती कोणाच्या लक्षातही येत नाही. यास्तव नियम बदलताच नाव बदलावे, अथवा साठा वेगळा ठेवावा. ‘डीटीडी’ या जुन्या प्रकारात तर कागदपत्र स्वतःच्या पोटातही काही नियम बाळगू शकते. असे नियम दुसऱ्या कागदपत्रास लावणे चूकच.

आणखी दोन पथ्ये आम्हांस महत्त्वाची वाटतात. एक, पूर्ण झालेले व्याकरण पुन्हा बदलू नये. तरच अनेक पार्सर ते एकाच वेळी निर्धास्तपणे वापरू शकतात. तपासणी कोठवर आली, याची नोंद प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी. दुसरे, विश्वासू व्याकरणे आधीच भरून साठ्यास कुलूप लावावे. झर्सिसमध्ये तशी सोय आहे. त्यानंतर बाहेरून आलेल्या कागदपत्राला आपले नियम साठ्यात घुसवता येत नाहीत.

संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : वेळ वाचवणारी रचना करताना, साठवलेली गोष्ट कोणत्या प्रसंगी वापरू नये, हे आधी ठरवावे.