गाय गाभडली तर? सांसर्गिक गर्भपात ओळखा व टाळा

सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडली, की वासरू जाते, दूध बुडते आणि चारा-खुराकाचा खर्च अंगावर पडतो. घसरून पडणे, मार लागणे यामुळेही गाय गाभडते. परंतु पाचव्या महिन्यानंतर गर्भपात झाल्यास ‘ब्रुसेलोसिस’ म्हणजेच सांसर्गिक गर्भपाताचा संशय घ्यावा.

रोगाचा प्रसार : हा रोग ‘ब्रुसेला अ‍ॅबॉर्टस’ या जिवाणूमुळे होतो. टाकलेला गर्भ, जार व योनीतील स्राव यांत हे जिवाणू फार मोठ्या संख्येने असतात. त्यांनी दूषित झालेला चारा किंवा पाणी पोटात गेल्यास दुसऱ्या गाईला लागण होते. दुधातूनही जिवाणू बाहेर पडतात.

लक्षणे : गाभडल्यानंतर बहुधा जार अडकतो, गर्भाशयाचा दाह होतो व गाय वारंवार उलटते. पुष्कळ गाई एकदाच गाभडतात व पुढील वेळी दिवस भरून वितात. त्यामुळे गाय बरी झाली असे वाटते. परंतु जिवाणू तिच्या शरीरात राहतात व विताना पुन्हा बाहेर पडू शकतात.

माणसांना धोका : उघड्या हातांनी जार ओढल्याने किंवा कच्चे दूध प्याल्याने माणसालाही लागण होते. चढउताराचा ताप, रात्री घाम व सांधेदुखी ही लक्षणे होत. असा ताप हटत नसल्यास डॉक्टरांना गोठ्यातील गर्भपाताची माहिती अवश्य द्यावी.

उपाय :

१) गाभडलेली गाय वेगळी बांधावी. पशुवैद्यकांना बोलावून गाईचे रक्त तपासून घ्यावे.

२) गर्भ व जार उकिरड्यावर टाकू नयेत किंवा कुत्र्यांना खाऊ देऊ नयेत. हातमोजे घालून, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. जागा जंतुनाशकाने धुवावी.

३) या रोगावर गाईंसाठी खात्रीचा उपचार नाही. दोषी गाय बाजारात विकल्यास रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो, म्हणून ती विकू नये. पुढे काय करावे, हे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरवावे.

४) नवीन गाय रक्त तपासूनच घ्यावी. गावच्या वळूऐवजी तपासलेल्या वळूचे रेत वापरून कृत्रिम रेतन करावे.

५) कालवडींना ४ ते ८ महिने वयात एकदाच प्रतिबंधक लस टोचावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीकरणाचा समावेश आहे. ही लस गाभण गाईंना व नरांना देऊ नये.

६) दूध नेहमी उकळूनच प्यावे.

कालवडीचे लसीकरणाचे वय निघून गेले, की ही संधी पुन्हा येत नाही. म्हणून कालवड जन्मताच तारीख लिहून ठेवावी व ४ महिने पूर्ण होताच पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.