पाऊस थांबल्यावरही मेसेज आला, तर ती मैत्री

कोयनानगर : जुलै उजाडला की कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर ही तीन नावं आणि त्यांच्यापुढचे पावसाचे आकडे सातारा-सांगलीतल्या मोबाईलवर रोज सकाळी फिरू लागतात. धरणात किती टीएमसी झालं, पायथा वीजगृहातून किती क्युसेक सोडलं, सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले, हेच बोलणं. १०५.२५ टीएमसीचं कोयना धरण भरत आलं की कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठचा माणूस फोन खाली ठेवत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तो महापूर ज्याने घरात घेतला, त्याला या आकड्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

याच आकड्यांच्या देवाणघेवाणीत ओळखी होतात. समजा, सांगलीच्या गावभागातले एक शिक्षक एखाद्या ग्रुपवर विचारतात, "वर पाऊस कसा आहे?" नवजा भागातला एखादा दुकानदार उत्तर देतो, "सर, रात्रभर थांबला नाही. सामान वर उचलून ठेवा." दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. चार महिने रोज बोलणं होतं. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, पूर टळतो, ग्रुप थंड पडतो. आणि नोव्हेंबरच्या एखाद्या संध्याकाळी सरांचा मेसेज येतो, "काय दादा, दुकान कसं चाललंय? पोरीची परीक्षा झाली का?"

या मेसेजपर्यंत ती ओळख होती. इथून पुढे ती मैत्री होऊ शकते. ऑनलाईन ओळखीतून खरी मैत्री होते का, असा प्रश्न घराघरांत विचारला जातो. विशेषतः पोरं रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर दिसली की आई-वडील हमखास विचारतात. उत्तर 'होते' असंच आहे. पण ती कशाने होते आणि कशाने होत नाही, हे समजून घेतलं पाहिजे.

लांबची नाती इथं नवी नाहीत

पाटण तालुक्याला समोर नसलेल्या माणसाशी नातं टिकवणं नवं नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयात गावंच्या गावं गेली आणि त्यांतली माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी विखुरली. त्याआधीपासून आणि नंतरही घरटी एक माणूस मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडी. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मुंबईत राहणाऱ्या इथल्या माणसाला घरची खबर लगेच कळायची सोय नव्हती. नाती चालायची ती पोस्टकार्ड, मनिऑर्डर आणि गावाकडून येणाऱ्या माणसाच्या हातच्या निरोपावर.

ती नाती टिकली, कारण मनिऑर्डर वेळेवर यायची, पत्राला उत्तर जायचं आणि अडीनडीला माणूस रात्रीची एसटी धरून हजर व्हायचा. माणूस समोर नसला तरी चालत होतं, पण आठवण ठेवणं चुकून चालत नव्हतं.

मराठी साहित्यातही याचं मोठं उदाहरण आहे. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. माणसांच्या गर्दीपासून ते लांबच राहायचे. त्यांची आणि सुनीताबाई देशपांडे यांची मैत्री मुख्यतः पत्रांतून वाढली. दोघांचीही पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. समोरासमोर फार कमी बोलणारा माणूस कागदावर किती मोकळा होऊ शकतो, हे त्या पत्रांतून कळतं. आज कागदाच्या जागी स्क्रीन आली, एवढाच फरक.

वेळ किती लागतो?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा हिशेब मांडला. नव्या गावात राहायला गेलेले लोक आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलं यांची त्यांनी पाहणी केली. ढोबळ अंदाज असा निघाला : नुसत्या ओळखीतून साधी दोस्ती व्हायला साधारण ५० तास, मैत्री म्हणावी असं नातं व्हायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० तासांच्या वर सहवास लागतो.

त्यातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. नुसतं कामानिमित्त एकत्र घालवलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. गप्पा, थट्टामस्करी, 'आज काय झालं' हे सांगणं, रिकामा वेळ सोबत काढणं यांनी नातं वाढतं. म्हणजे चार महिने रोज धरणाचे आकडे पाठवले, तरी ते काम झालं. पोरीच्या परीक्षेची चौकशी केली, ती मैत्रीची सुरुवात.

म्हणूनच 'फेसबुकवर माझे दोन हजार मित्र आहेत' याला फारसा अर्थ नाही. सकाळचं 'शुभ प्रभात'चं चित्र शंभर जणांना एकदम जातं. त्यात कुणाचीच विचारपूस नसते. एकाच माणसाला उद्देशून लिहिलेल्या दोन ओळी त्यापेक्षा भारी पडतात.

ओळख पुढे कशी सरकते?

बहुतेक ठिकाणी वाट सारखीच दिसते. आधी एखादा समान विषय लागतो : पाऊस, शेती, स्पर्धा परीक्षा, भजन, गड-किल्ले, नाहीतर एखादा आजार. ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलणं होतं. मग दोघांचं वेगळं बोलणं सुरू होतं. मग एक दिवस कुणीतरी फोन लावतो. लिहिलेल्या मजकुरात न दिसलेली काळजी, थकवा, हसू आवाजात कळतं. शेवटी भेट.

या वाटेवर एक गोष्ट दोन्हीकडून व्हावी लागते, ती म्हणजे मन मोकळं करणं. एकाने थोडं सांगावं, दुसऱ्यानेही तेवढंच सांगावं, मग पहिल्याने आणखी थोडं. एकजण पहिल्याच दिवशी घरची सगळी रडगाणी सांगतो आणि दुसरा 'ओके' लिहितो, तिथे नातं पुढे जात नाही. तसंच एकजण कायम मदत मागतो आणि दुसरा कायम देतो, तिथेही मैत्री राहत नाही.

राग-रुसवा हीसुद्धा एक परीक्षाच. ऑनलाईन ओळख तोडणं फार सोपं, बोट दाबलं की माणूस ब्लॉक. एखाद्या शब्दावरून बिनसलं आणि तरी दोघांपैकी एकाने दोन दिवसांनी 'चुकलं माझं' म्हणून फोन केला, तर ते नातं ओळखीच्या पुढे गेलं असं समजायला हरकत नाही.

भेट झाली की

मराठी माणसांनी हा प्रवास इंटरनेटच्या सुरुवातीपासूनच केला आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळावर देशोदेशीचे मराठी लोक टोपणनावाने बोलू लागले. पुढे त्यांनी ठिकठिकाणी भेटीगाठी ठरवल्या, पावसाळ्यात 'वर्षाविहार' नावाने सहली काढल्या. आधी टोपणनाव, मग खरं नाव, मग घरची माणसं, असा उलटा प्रवास.

कोयनानगरच्या परिसरातही असा प्रकार आता नवा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईतली पोरं मोबाईलवरच नावनोंदणी करतात, पहाटे एकमेकांना पहिल्यांदा बघतात आणि वनविभागाची परवानगी घेऊन नवजाच्या बाजूने जंगली जयगड चढतात. डबा वाटून खाल्ला, कुणाचा पाय मुरगळला म्हणून त्याची सॅक दुसऱ्याने घेतली, की दिवसभरात महिन्याभराच्या चॅटिंगएवढं नातं पुढे सरकतं.

भेट झालीच नाही तर? तरीही मैत्री होऊ शकते. नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायू झिजत जाणारा आनुवंशिक आजार होता. व्हीलचेअरवर बसून तो तासन्‌तास संगणकावर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ खेळायचा. पोरगं एकटं पडलं, त्याला कुणी मित्रच नाहीत, असं आई-वडिलांना वाटायचं. २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी लिहिली आणि खेळातल्या सोबत्यांचे ईमेल येऊ लागले. तो आमचं ऐकून घ्यायचा, धीर द्यायचा, असं ते लिहीत होते. त्यातले काही जण दुसऱ्या देशांतून अंत्यसंस्काराला आले. आई-वडिलांना मुलाचे मित्र कळले, ते तो गेल्यावर. त्याच्यावर पुढे माहितीपटही निघाला.

घरातल्या मोठ्यांनी यातून एवढं घ्यावं : पोरगं मोबाईलवर आहे म्हणून लगेच ओरडू नये. आधी विचारावं, 'कुणाशी बोलतोयस? काय करतो तो? कुठला आहे?' मित्राचं नाव, गाव घरात मोकळेपणी सांगता आलं, तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

पण डोळे उघडे ठेवून

बाकीची निम्मी काळजी खरी आहे. फसवणारा माणूसही गोडच बोलतो आणि मैत्रीच्याच वाटेने येतो. फरक त्याच्या घाईवरून ओळखता येतो. खरी मैत्री महिने घेते. फसवणारा आठ दिवसांत 'तुझ्याशिवाय कुणी नाही' म्हणतो, आपलं बोलणं घरी सांगू नको म्हणतो आणि लगेच पैसे, ओटीपी नाहीतर खासगी फोटो मागतो.

काही साध्या गोष्टी पाळाव्यात :

- कधीच न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले, तर आधी फोनवर बोलावं. ओळखीच्या माणसाच्या नावाने नवं खातं काढूनही पैसे मागितले जातात.
- अनोळखी व्हिडीओ कॉल उचलू नये. उचलला गेला आणि नंतर धमकी आली, तर पैसे न देता पोलिसांकडे जावं. लाज वाटून गप्प बसलं की धमकावणाऱ्याचं फावतं.
- पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी. एसटी स्टँड, हॉटेल, बाजार चालेल. घरात कुणाला तरी कुठे जातोय, कुणाला भेटतोय हे सांगून निघावं. मुलांनी मोठ्यांना सोबत घेऊनच जावं.
- पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवलं, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

'भेटायला नको' म्हणणाऱ्याला जो समजून घेतो आणि घाई करत नाही, त्याच्यावर हळूहळू विश्वास टाकायला हरकत नाही. 'नाही' ऐकल्यावर जो चिडतो, त्याची पारख तिथेच झाली.

संकटात कोण विचारतं?

२०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्याच वेळी कुंभार्ली घाटाखाली चिपळूण पाण्यात होतं. अशा दिवसांत वीज जाते, रेंज जाते, रस्ता बंद होतो. मग रेंज परत आली की फोनमध्ये मेसेज धडाधड उतरतात. त्यात किती जणांनी बातमी पुढे पाठवली आणि किती जणांनी 'तू कसा आहेस?' विचारलं, ते मोजलं की आपले किती, हे कळतं.

आणि दुसरी कसोटी त्याहून सोपी. संकट नाही, काम नाही, पाऊस नाही, धरणाचे दरवाजे बंद आहेत. तरी कुणी विचारतं, "जेवलास का?" असा एखादा मेसेज मोबाईलमध्ये असेल, तर त्याला आजच उत्तर द्यावं. नसेल, तर तो आपण पाठवावा.