पाहुणी बाहुली

परदेशातील एखाद्या शाळेने टपालाने धाडलेली बाहुली वा कापडी अस्वल आपल्या शाळेत यावे, मुलांनी त्याचे औक्षण करावे, चार दिवस त्याला घरी, शेतावर, आठवडे बाजारात हिंडवून त्याची रोजनिशी लिहावी आणि मग पुढच्या देशी पाठवणी करावी, हा उपक्रम अनेकांना पोरखेळ वाटेल. डेल ह्यूबर्ट या कॅनडातील शिक्षकाने १९९५ साली कागदी 'फ्लॅट स्टॅन्ली' असाच प्रवासाला धाडला. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे.

१९२७ साली अमेरिकन मुलांनी जपानी मुलांना सुमारे १२,७०० बाहुल्या पाठविल्या. जपानने उत्तरादाखल ५८ पाठविल्या. पुढे युद्ध पेटले आणि त्याच बाहुल्या शत्रूच्या ठरून जाळल्या गेल्या. काही शिक्षकांनी त्या लपवून ठेवल्या, म्हणून थोड्या वाचल्या.

नगरकरांना याहून जवळचा दाखला आहे. १९४३ साली टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती युद्धाच्या नावाखाली उपाशी मारले गेले. त्या वर्षी पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. १९४९ साली टोकियोच्या मुलांनी हत्तीसाठी पत्रे लिहिली, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी 'इंदिरा' ही हत्तीण त्यांना भेट दिली. मोठ्यांनी केलेल्या संहाराची भरपाई मुलांच्या पत्रांनी अशी मिळविली!

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पडद्यावरून परदेशी मुलांशी बोलणे आता खेड्यातही शक्य आहे. मग बाहुली कशाला? पडद्यावरचा पाहुणा तासाभरात जातो. बाहुली मात्र रात्री घरी मुक्कामाला येते, तिला जपावे लागते आणि तिच्याविषयी लिहावे लागते.

आपल्याकडे अशा प्रसंगी मंडप, हारतुरे आणि पदाधिकाऱ्यांची भाषणे यांचेच प्रस्थ माजते. मुले उन्हात रांगेत उभी आणि बाहुली व्यासपीठावर! नंतर ती घरी न्यायला मिळते ती बहुधा पहिल्या क्रमांकाच्या मुलाला.

पाथर्डी-शेवगाव भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. किल्ला आणि शिर्डी परदेशी मुलांना छायाचित्रांतूनही दिसतील. उसाच्या फडाकडेच्या कोपीतला मुक्काम मात्र त्या घरच्या मुलीखेरीज कोणाला लिहिता येणार नाही. शिक्षकांनी बाहुली आधी तिच्या हाती द्यावी आणि रोजनिशीच्या तिच्या पानांतली भाषा सुधारण्याच्या फंदात पडू नये.