भंगारातली कुऱ्हाड वाचताना

जुन्या कुऱ्हाडीचं पातं घासून लख्ख करा, त्यावर लिंबाचा रस चोळा आणि अर्धा तास विसरून जा. परत येऊन पाहिलं की कधी कधी धारेच्या मागे, बोटभर अंतरावर, एक नागमोडी रेघ उमटलेली दिसते. रेघेच्या अलीकडचा धातू काळपट, पलीकडचा फिकट राखाडी. ही रेघ दिसली तर हातात एक नाही, दोन धातू आहेत असं समजायचं. बाकीची सगळी कुऱ्हाड मऊ लोखंडाची आहे आणि तिच्या तोंडात पोलादाचा एक छोटा तुकडा लोहाराने तापवून, ठोकून, कायमचा बसवलेला आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? पोलाद महाग होतं म्हणून. मऊ लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो, त्यामुळे ते वाकतं पण धार धरत नाही. पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन मिसळला की तेच लोखंड लालबुंद करून पाण्यात बुडवल्यावर काचेसारखं कडक होतं. नुसतं कडक ठेवलं तर पहिल्याच घावाला टवका उडेल. म्हणून लोहार ते पुन्हा थोडं तापवतो आणि घासलेल्या भागावर रंग कसा सरकतो ते बघत बसतो. सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. हा रंग म्हणजे पोलादावर चढलेल्या ऑक्साइडचा थर. तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि जाडी किंचित वाढली की त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. ज्याला आपण हत्याराला पाणी पाजणं म्हणतो, त्यात तापमापक नसतो. असते ती ही रंगांची ओळख. बाजारात याची परीक्षा सोपी आहे. खिशात एक छोटी कानस ठेवा. धारेवर ती निसटली, धातू खाल्ला नाही, तर पाणी अजून शाबूत आहे.

परदेशात लोक आपल्या अंगणात जुनं सामान मांडून विकतात आणि हौशी मंडळी तिथे अवजारं धुंडाळत फिरतात. आपल्याकडे ती रीत नाही. इथे सुताराचा मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला की बापाची पेटी कबाड्याच्या हातगाडीवर जाते. नाहीतर आठवडी बाजारात पोतं अंथरून कुणीतरी विळे, वाकस, पटाश्या मांडून बसलेला असतो, त्यात नवं-जुनं सगळं एकत्र. शोधणाऱ्याला चंद्रपूर आणि गडचिरोलीसारखा मुलूख मात्र क्वचित मिळेल. आलापल्लीचं सागवान, वरोरा-बल्लारपूरचा कोळसा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेल्वे आणि बल्लारपूरची कागद गिरणी. प्रत्येक धंद्याने आपापली हत्यारं इथे आणली आणि परत बहुधा कुणीच नेली नाहीत.

कुऱ्हाडीचं नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोकही नीट बघा. गावच्या लोहाराने लोखंडाची पट्टी गोल गुंडाळून नेढं केलेलं असेल तर गालावर सांध्याची खूण सापडते. सांधाही नाही आणि पात्यावर रेघही नाही, सगळं एकजिनसी पोलाद, तर ती बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची कुऱ्हाड. रस्त्यांवर ट्रक आले आणि लोहाराला चांगलं पोलाद भंगारातच मिळायला लागलं. गंजलेल्या धातूत कुजक्या बांबूसारखे लांब तंतू सुटलेले दिसले तर मात्र जपून ठेवा. ते जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड. त्यात भट्टीतली मळी अडकून राहते आणि घणाखाली लांबत जाते, म्हणून गंज चढला की तंतू उघडे पडतात.

या विद्येचं वय विदर्भात फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला पेंच नदीकाठी लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली, इसवी सनाच्या कित्येक शतकं आधीची. महापाषाण काळातल्या विदर्भातल्या दफनांत ज्या कुऱ्हाडी मिळतात त्यांना नेढं नसतं. चपटं पातं दांड्याला लोखंडी पट्ट्यांच्या फुलीने आवळलेलं असतं. नेढ्यात दांडा घालून पाचर ठोकणं ही आपल्याला किती साधी गोष्ट वाटते!

आता शिक्के. जुन्या पटाशीवर किंवा रंध्याच्या पात्यावर ‘कास्ट स्टील’ अशी इंग्रजी अक्षरं असली तर ओतीव बिडाशी त्याचा संबंध नाही. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची ती जाहिरात होती. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने शेफील्डला ही रीत बसवली आणि एकोणिसाव्या शतकभर तिथले कारखानदार ही अक्षरं अभिमानाने ठोकत राहिले. गंमत म्हणजे गडचिरोलीच्या दक्षिणेला, नदीपलीकडच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावचे कारागीर मातीच्या मुशीत पोलाद करण्यासाठी प्रसिद्ध होते आणि ते न्यायला इराणी व्यापारी तिथे येत. शेफील्डच्या पटाशीला इथल्या बाजारात परकी म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

फावड्या-कुऱ्हाडींवर ‘टाटा’ आणि ‘ॲग्रिको’ हे शिक्के सर्रास सापडतात. तेही मूळचे इथलेच म्हणायला हवेत. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे, असं त्यात होतं. कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ याच जिल्ह्यात बैलगाड्यांतून हिंडले आणि हात हलवत परतले. मग नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना दुर्ग जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा दिसला आणि शोध पूर्वेकडे वळला. १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघालं. चांद्यात सुरू झालेला शोध जमशेदपूरला पोचला आणि तिथलं फावडं चांद्याच्या बाजारात आलं.

रेल्वेची अक्षरं काळ ठरवायला सगळ्यांत भरवशाची. ‘जीआयपी’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, हा शिक्का वर्धा-बल्लारशा मार्गावरचा. ती रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे अवजार त्याआधीचं. ‘बीएनआर’ म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे, गोंदिया-नागभीड-चांदा फोर्टकडची. मात्र अलीकडचा रेल्वेचा माल घेऊ नका. चोरीचा निघाला तर जवळ बाळगणाराही १९६६ च्या कायद्याखाली अडकतो. आणि ‘चांदा’ हे नाव दिसलं म्हणून अवजार जिल्ह्याचं नाव बदलण्याआधीचं, असं लगेच ठरवू नये. जिल्हा चंद्रपूर झाला, पण वनखात्यात मध्य चांदा वनविभाग आजही आहे आणि स्टेशनही चांदा फोर्टच.

वनखात्यावरून आठवलं. एका बाजूला उलटी अक्षरं किंवा खूण असलेला हातोडा भंगारात दिसला तर तो खिळे ठोकायचा नाही. तोडीसाठी निवडलेल्या झाडाची साल तासून त्यावर या हातोड्याने खूण उमटवतात, एक वर खोडावर आणि एक बुंध्याशी. झाड गेलं तरी बुंध्यावरची खूण मागे राहते आणि तोड कायदेशीर होती की नाही ते सांगते. आरशात धरा, अक्षरं सुलटी दिसतील. वस्तू मोहात पाडणारी आहे. पण भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६३ नुसार लबाडीने खोटी खूण उमटवणं किंवा खरी खोडणं याला तुरुंगवास आहे, आणि असा हातोडा घरात का आहे हे समजावून सांगणं कठीण जाईल. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवणं बरं.

घरी आणल्यावर ग्राइंडरची तारेची चकती लावू नका. गंजाबरोबर शिक्काही जातो. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, पितळी ब्रशने घासा, मग पांढरा खडू चोळून वरचा पुसून टाका. मोबाइलचा उजेड आडवा धरला की बुजलेली अक्षरंही उठून दिसतात. हा प्रयोग दुकानात मात्र करू नये. अक्षरं उजळताना कबाड्याने पाहिली की किलोचा भाव संपतो आणि नगाचा सुरू होतो.