पत्ता नसलेल्याची दवंडी

विद्यापीठाच्या वसतिगृहात लॅपटॉपला नेटवर्कची केबल जोडली, की इंटरनेट सुरू व्हायच्या आधीचा एक क्षण मोठा विलक्षण असतो. लॅपटॉपला स्वतःचा आयपी पत्ता नसतो आणि पत्ते वाटणारा कुठे बसतो हेही ठाऊक नसतं. मग तो दवंडी पिटतो. पाठवणारा ०.०.०.०, म्हणजे अजून कोणीच नाही, घेणारा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ऐकतील ते सगळे.

घरी राउटरच पत्ता देऊन मोकळा होतो. विद्यापीठात मात्र हे काम करणारा डीएचसीपी सर्व्हर भलत्याच इमारतीत असतो. आणि दवंडी वेशीबाहेर जात नाही. राउटर ती मुद्दाम अडवतो, नाहीतर साऱ्या नेटवर्कभर गलका माजेल.

मग इमारतीगणिक सर्व्हर ठेवायचे? नाही. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाचा नियमसंच लिहिला, त्यातच यावर तोड होती. १९९३ मध्ये आलेल्या डीएचसीपीने ती पुढे चालवली. राउटर दवंडी सोडत नाही, पण स्वतः ऐकतो. निरोपात ४ बाइटांची एक जागा राखलेली असते, 'जीआयॲडर'. ज्या बाजूने हाक आली त्या बाजूचा आपला पत्ता तिथे लिहून राउटर निरोप थेट सर्व्हरकडे धाडतो. हाच रिले. सिस्कोच्या राउटरवर त्यासाठी 'हेल्पर ॲड्रेस'ची एक ओळ पुरते.

मला अप्रूप वाटतं ते या ४ बाइटांचं. उत्तर कुठे धाडायचं आणि पत्ता कोणत्या गटातला द्यायचा, हे दोन्ही सर्व्हरला त्यातूनच कळतं. निरोप १०.२०.५.१ने पुढे पाठवला असेल, तर पत्ताही त्याच गटातला. ग्रंथालयाच्या गटातला दिला, तर वसतिगृहात त्याचा काडीचा उपयोग नाही.

सर्व्हरचा पत्त्याचा देकार राउटरकडे परततो. लॅपटॉपचा मॅक क्रमांक, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळख, निरोपात असतोच, त्यामुळे राउटर तो नेमका पोचवतो. शिवाय लॅपटॉपने सुरुवातीलाच मनाने एक ३२ बिटांचा आकडा घातलेला असतो. तोच परत आला, की उत्तर आपलंच. तरी तो लगेच पत्ता लावत नाही. देकार एकाहून अधिक सर्व्हरांचे असू शकतात, म्हणून कोणाचा घेतला ते पुन्हा दवंडी पिटून सांगतो. बाकीचे आपले पत्ते मागे घेतात, निवडलेला सर्व्हर मंजुरी देतो.

पत्ता मिळतो तोही मुदतीचा. साधारण निम्मी मुदत सरली की लॅपटॉप मुदतवाढ मागतो, पण आता दवंडी नाही, रिलेही नाही. स्वतःच्या पत्त्यावरून तो सर्व्हरला थेट लिहितो.